नेम चुकला की साइट चुकली?

मेसमध्ये जेवताना एक प्रयोग करून बघा. शेजारी बसलेल्याला विचारा, "पिस्तुलाचा छर्रा लक्ष्याच्या उजवीकडे लागतोय, तर मागची साइट कुठे सरकवायची? डावीकडे की उजवीकडे?" मी हा प्रयोग आमच्या विंगमध्ये बारा जणांवर केला. सात जण म्हणाले डावीकडे, चार जण म्हणाले उजवीकडे आणि एक जण म्हणाला, "तू ती भाकरी खाणारेस का?" बरोबर उत्तर डावीकडे असं आहे. पण त्या सातांपैकी पाच जणांना 'का' हे काही सांगता आलं नाही. व्हायवाला जातो तसं ठोकून दिलं होतं.

हसू नका, सेकंड इयरला मीही असाच होतो. फरक एवढाच की मी उत्तर चुकवलं ते मेसमध्ये नाही, निवड चाचणीच्या दिवशी. आणि त्याचे मार्क माझे गेले नाहीत, दुसऱ्याच कुणाचे गेले. ती गोष्ट पुढे सांगतोच. आधी खेळाची ओळख करून घेऊ, म्हणजे गोष्ट नीट कळेल.

दहा मीटर, साडेअकरा मिलिमीटर

आमचा प्रकार म्हणजे दहा मीटर एअर पिस्तूल. यात बारूद नाही. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मि.मी. व्यासाचा, साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा शिशाचा छर्रा सुटतो. कागदी टार्गेट १७ सें.मी. चौरस असतं. त्यावर मधोमध काळा गोल, व्यास ५९.५ मि.मी. आणि त्याच्याही मधोमध दहा गुणांचं वर्तुळ, व्यास फक्त ११.५ मि.मी. म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. त्यापुढे प्रत्येक वर्तुळाची पट्टी ८ मि.मी. रुंद. छर्रा ८ मि.मी. सरकला की एक गुण गेला, असा सरळ हिशोब. आणि हे सगळं एका हातानं, हात सरळ लांब करून. दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात.

आपल्या महाराष्ट्राला या खेळाचं कौतुक नवीन नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजीकडे वळलेल्या या पठ्ठ्यानं सुरुवातीचे धडे आपल्या नाशिकमध्ये गिरवले. त्या दिवशी एक ऑगस्टला आमच्या टीव्ही रूममध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी रेंजवर नाव नोंदवायला आलेल्यांची रांग लागली. पंधरा दिवसांनी त्यातले तीन उरले, ते वेगळं.

एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवतो. एअर पिस्तूल म्हणजे खेळणं नव्हे. छर्ऱ्याचा वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास असतो. अर्धा एम व्ही स्क्वेअर काढा, साडेपाच ज्यूल येतात. डोळा जायला त्यापेक्षा खूप कमी पुरतं. म्हणून पिस्तूल रेंजवरच राहतं, नळीचं तोंड कायम टार्गेटकडे, आणि सर सांगेपर्यंत चापावर बोट नाही. होस्टेलवर आणून फोटो काढण्याची आयडिया ज्यांच्या डोक्यात आली असेल त्यांनी ती तिथेच सोडून द्यावी.

फंडा पहिला : दोन साइट, एक त्रिकोण

पिस्तुलाच्या वरच्या बाजूला दोन साइट असतात. नळीच्या टोकाला उभी पट्टी, ती पुढची साइट. जुन्या मराठीत हिला 'माशी' म्हणतात. लांबून बघितलं तर खरंच नळीवर माशी बसल्यासारखी दिसते. डोळ्याच्या बाजूला चौकोनी खाच असलेली पट्टी, ती मागची साइट. नेम धरायचा म्हणजे खाचेतून पट्टी बघायची. पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारखाच उजेड दिसला पाहिजे आणि दोघींची डोकी एका रेषेत आली पाहिजेत. हे चित्र नीट जमलं की ते काळ्या गोलाच्या खाली टेकवायचं. नजर पुढच्या साइटवर ठेवायची. टार्गेट धूसर दिसतं, दिसू द्यायचं.

आता गंमत बघा. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये अंतर असतं साधारण ३४ सें.मी. आणि टार्गेट दहा मीटरवर. म्हणजे १०,००० भागिले ३४०, जवळजवळ २९ पट. साइट एकमेकींच्या मानानं १ मि.मी. जरी हलल्या तरी छर्रा २९ मि.मी. हलतो. समरूप त्रिकोण, नववीची भूमिती, दुसरं काही नाही.

यातून एक मोठी गोष्ट कळते. समजा तुमचा अख्खा हात समांतर ५ मि.मी. उजवीकडे गेला. छर्राही ५ मि.मी.च उजवीकडे जाईल, दहा नाहीतर नऊ गुण मिळतील. पण मनगट किंचित वळलं आणि पुढची साइट खाचेत फक्त ०.३ मि.मी. सरकली, तर छर्रा जवळजवळ ९ मि.मी. सरकेल. म्हणजे एक गुण गेला. म्हणून नवीन पोरांचं जे होतं, हात हलतोय म्हणून घाबरून टार्गेटकडे बघत बसणं, ते अगदी उलटं आहे. हात हलणारच. साइटचं चित्र हलता कामा नये.

फंडा दुसरा : मागची साथ देते, पुढची उलट जाते

आता मेसमधल्या प्रश्नाकडे येऊ. मागची साइट उजवीकडे सरकवली असं समजा. पट्टी पुन्हा खाचेच्या मधोमध दिसावी म्हणून तुम्हाला काय करावं लागेल? नळीचं टोक उजवीकडे वळवावं लागेल. नळी उजवीकडे, छर्रा उजवीकडे. तसंच मागची साइट वर उचलली की छर्रा वर जातो. म्हणजे मागच्या साइटचा नियम सोपा आहे : छर्रा जिकडे न्यायचा, तिकडे साइट न्यायची.

पुढची साइट बरोबर उलट. ती उजवीकडे सरकवली तर मधोमध आणायला नळी डावीकडे वळवावी लागते. ती उंच केली तर नळी खाली जाते. पटत नसेल तर फूटपट्टी, दोन खोडरबर आणि एक टाचणी घेऊन टेबलावर करून बघा. वाचण्यापेक्षा ते लवकर डोक्यात शिरतं.

आमच्या पिस्तुलात पुढची साइट पक्की आहे आणि मागच्या साइटला दोन स्क्रू आहेत, एक वर-खाली आणि एक डावी-उजवी. स्क्रू फिरवला की 'टिक' असा आवाज येतो, तो एक क्लिक. एका क्लिकमध्ये छर्रा किती सरकतो? स्क्रूचा पिच अर्धा मि.मी. आणि एका फेऱ्यात दहा क्लिक असतील, तर एका क्लिकला साइट ०.०५ मि.मी. सरकते. गुणिले २९, म्हणजे छर्रा साधारण दीड मि.मी. सरकला. प्रत्येक पिस्तुलाचे आकडे वेगळे असतात, म्हणून आपल्या पिस्तुलावर मोजून बघायचं. पाच शॉट मारा, दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा, दोन्ही पुंजक्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि दहाने भागा. आमचं उत्तर आलं १.५. एक्सपेरिमेंटल आणि थिऑरेटिकल व्हॅल्यू जर्नलमध्ये ढापाढापी न करता जुळण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

बरं, गुरुत्वाकर्षणाचं काय? दहा मीटर जायला छर्ऱ्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात तो जवळजवळ २२ मि.मी. खाली पडतो, म्हणजे पावणेतीन वर्तुळं! शिवाय आपण नेम धरतो काळ्या गोलाच्या खालच्या कडेला आणि छर्रा लागायला हवा त्याच्या मध्यावर, म्हणजे आणखी ३० मि.मी. वर. हे सगळं मागच्या साइटच्या उंचीतच जमवून ठेवलेलं असतं. म्हणून नेम धरण्याची जागा बदलली की साइटचा हिशोबही बदलतो. आणि म्हणूनच एकाची साइट दुसऱ्याला तंतोतंत लागू पडत नाही. तुमची पकड वेगळी, डोळा वेगळा, गोलाखाली किती पांढरं ठेवता तेही वेगळं.

आता ती गोष्ट

सेकंड इयरला आम्ही चौघं होतो आणि पिस्तूल एकच. आंतरमहाविद्यालयीन संघासाठी चाचणी होती, कागदी टार्गेटवर ४० शॉट. मी पहिल्या तुकडीत. माझ्यानंतर त्याच पिस्तुलावर आमच्याच कॉलेजची एक ज्युनिअर मुलगी. ती फर्स्ट इयरला होती, सिन्नरकडच्या गावातून आलेली. सकाळी साडेसहाला, जानेवारीच्या त्या नाशिकच्या थंडीत, बोटं बधिर असतानाही रेंज उघडायच्या आधी दारात उभी असायची. तिला पिस्तूल धरायला शिकवलं ते मी. आणि पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता, "ज्युनिअरनं साइटला हात लावायचा नाही. काही चुकलं तर चूक आपल्या हाताची आहे असं समजायचं."

चाचणी सुरू होण्याआधी सरावाचे शॉट असतात, तेव्हा साइट तपासायची. माझा पहिला छर्रा उजवीकडे आठात. दुसरा उजवीकडे नवात. तिसरा पुन्हा आठात. छातीत धडधड सुरू झाली. आदल्या संध्याकाळी सगळं व्यवस्थित होतं. पण तेव्हा विचार कोण करतो? मी स्क्रूकडे बघितलं. तिथे एक बाण आणि 'आर' असं अक्षर. मला वाटलं, बाणाकडे फिरवलं की छर्रा राइटला जाणार. मला डावीकडे आणायचाय, म्हणजे बाणाच्या उलट फिरवू. सहा क्लिक फिरवले. पुढचा छर्रा थेट सातात, तोही उजवीकडेच!

इथे जे मला माहीत नव्हतं ते तुम्ही लक्षात ठेवा. बऱ्याच जर्मन पद्धतीच्या साइटवर अक्षराचा अर्थ 'छर्रा इकडे नेण्यासाठी फिरवा' असा नसतो. 'छर्रा इकडे लागत असेल तर या दिशेनं फिरवा' असा असतो. 'आर' म्हणजे उजवीकडे लागत असेल तर, 'एल' म्हणजे डावीकडे, 'एच' म्हणजे वर लागत असेल तर आणि 'टी' म्हणजे खाली. अमेरिकी पद्धतीच्या साइटवर मात्र 'अप' लिहिलेल्या बाणाकडे फिरवलं की छर्रा वर जातो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. चुकतो तो न वाचता फिरवणारा. म्हणून नवीन पिस्तूल हातात आलं की अक्षरावर विश्वास टाकू नका. आधी चार क्लिक फिरवून मागची साइट प्रत्यक्ष कुठे सरकते ते डोळ्यांनी बघा.

मी काय केलं? घाबरून आणखी फिरवलं. मग परत उलट. मग प्रत्येक शॉटनंतर थोडं इकडे, थोडं तिकडे. क्लिक मोजायचं भान केव्हाच सुटलं. वेळ संपत आली तेव्हा छर्रे उजवीकडेच पण जरा कमी जात होते. मग मी नेमच किंचित डावीकडे धरायला सुरुवात केली आणि ४० शॉट ओढत नेले. स्कोअर माझ्या नेहमीपेक्षा जरा खाली आला, पण मी संघात आलो.

पिस्तूल तिच्या हातात दिलं. "साइट फिरवलीये" हे तीन सेकंदांचं वाक्य. मी ते बोललो नाही. विसरलो असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सगळ्यांसमोर 'माझा गोंधळ झाला' हे म्हणायची लाज वाटली.

तिचे सरावाचे शॉट उजवीकडे जायला लागले. तिनं साइटला हात लावला नाही. पकड बदलली, पायांची जागा बदलली, चाप हळू दाबला. चूक आपल्या हाताची असं समजायचं, नाही का! पहिल्या दहा शॉटला ७८. तिचा नेहमीचा आकडा ८८ च्या आसपास होता. पुढच्या तीन फेऱ्यांत तिनं नेम बाजूला धरून बरंच सावरलं. शेवटी चार गुणांनी संघातली जागा गेली.

दुसऱ्या दिवशी रेंजवर तिनं विचारलं, "दादा, काल तुम्ही साइट फिरवली होती का?" आवाजात राग नव्हता, खरंच माहिती हवी होती. मी म्हणालो, "थोडीशी." ती म्हणाली, "किती क्लिक?" मला उत्तर देता आलं नाही.

मग मी सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "चाचणी पुन्हा होत नाही. आता साइट लाव, आणि या वेळी तिच्यासमोर लाव."

फंडा तिसरा : एका शॉटवर भरवसा नाही

त्या दिवशी साइट लावताना आणखी एक गोष्ट बाहेर आली. साइट पूर्ववत आणल्यावर कळलं की ती मुळात बरोबरच होती. चाचणीच्या दिवशी टेन्शनमध्ये माझा अंगठा पिस्तुलावर दाब देत होता आणि नळी उजवीकडे ढकलली जात होती. म्हणजे दोष हाताचा होता आणि मी औषध साइटला दिलं.

इथे आपलं स्टॅटिस्टिक्स कामाला येतं. छर्रा चुकण्याची कारणं दोन जातीची. एक कायमची, जी प्रत्येक शॉटला त्याच दिशेनं ढकलते. दुसरी यादृच्छिक, म्हणजे हाताची थरथर, श्वास, चापाचा झटका. साइट फिरवून फक्त पहिली जात सुधारते. पुंजका कुठे आहे हे साइट ठरवते, तो किती पसरलाय हे तुम्ही ठरवता. छर्रे टार्गेटभर पिठासारखे पसरले असतील तर स्क्रू खुशाल झिजेपर्यंत फिरवा, काही होणार नाही.

आणि प्रत्येक शॉटनंतर फिरवलं तर नुसता फायदा नाही असं नाही, चक्क तोटा होतो. संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांचा नरसाळ्याचा प्रयोग क्वालिटी कंट्रोलच्या पुस्तकात येतो. टेबलावर एक खूण, वर नरसाळं, त्यातून गोटी सोडायची. गोटी थोडी इकडेतिकडे पडते. नरसाळं जागेवरून हलवलं नाही तर ठरावीक पसारा मिळतो. पण दर वेळी गोटी जेवढी चुकली तेवढं नरसाळं उलट दिशेला सरकवलं, तर व्हेरिअन्स दुप्पट होतो, म्हणजे पसारा १.४१ पट. कारण साधं आहे. या वेळच्या चुकीत तुम्ही मागच्या वेळची चूक उलटी करून मिसळता. चाचणीच्या दिवशी मी नेमकं हेच नरसाळं घेऊन बसलो होतो.

मग किती शॉटनंतर फिरवायचं? निदान पाच. सरांसमोर आम्ही काढलेलं एक गणितच देतो. मध्यापासून उजवीकडचं अंतर मि.मी. मध्ये : १४, २२, ९, १८, १७. सरासरी १६. वर-खालचं अंतर (वर अधिक, खाली उणे) : उणे ६, अधिक ४, उणे १२, अधिक २, अधिक २. सरासरी उणे २. आता स्टँडर्ड डेव्हिएशन काढून पाचाच्या वर्गमुळानं भागलं, की सरासरीतलीच अनिश्चितता मिळते. आडव्या दिशेला ती येते साधारण २.२ आणि उभ्या दिशेला ३. उजवीकडची १६ ही २.२ पेक्षा कितीतरी मोठी, म्हणजे चूक खरी आहे. १६ भागिले १.५, साधारण ११ क्लिक डावीकडे. खालची २ ही तर ३ पेक्षाही लहान, म्हणजे तो नुसता योगायोग असू शकतो. वर-खालच्या स्क्रूला हात लावायचा नाही. एवढं गणित तर आपल्याला येतंच ना? नाहीतर एम-थ्रीचे ते क्लास काय झोपायला होते? (होते, हे मान्य.)

साइट लावायची रीत

तर मंडळी, क्रमानं सांगतो.

एक. आधी साइटचे स्क्रू ढिले नाहीत ना, ग्रिप घट्ट आहे ना, छर्रे एकाच डब्यातले आहेत ना, हे बघा. ढिल्या साइटचं झिरोइंग म्हणजे वाळूवर बांधकाम.

दोन. पाच शॉट मारा आणि साइटला हात लावू नका. जो शॉट सुटतानाच 'गेला' असं जाणवलं, तो हिशोबात धरू नका. मात्र हे टार्गेट बघायच्या आधी ठरवायचं. नंतर ठरवलं तर ती जर्नलची रीडिंग झाली.

तीन. पुंजक्याचा मध्य काढा, अंतर मोजा, क्लिकनी भागा. क्लिकची किंमत माहीत नसेल तर तोफखान्याची युक्ती वापरा. आपल्या शेजारी देवळालीला तोफखान्याची शाळा आहेच. तोफगोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला की पुढचा मुद्दाम अलीकडे टाकायचा, मग मधलं अंतर निम्मं करत आत यायचं. आपली बायसेक्शन मेथडच. तसं साइट पुंजका पलीकडे जाईपर्यंत फिरवा आणि मग निम्मं परत या.

चार. एका वेळी एकच स्क्रू. आधी डावी-उजवी, मग वर-खाली. दोन्ही एकदम फिरवले की काय कशामुळे झालं ते कळत नाही.

पाच. बॅकलॅश विसरू नका. वर्कशॉपमधले मामा लेथवर ओरडतात ना, "आधी बॅकलॅश काढ, मग डायल बघ!" जुन्या साइटच्या स्क्रूलाही तोच रोग असतो. डावीकडे तीन क्लिक जायचं असेल तर पाच जा आणि दोन परत या. नेहमी एकाच दिशेनं येऊन थांबा.

सहा. पुन्हा पाच शॉट मारून खात्री करा. दुसऱ्या रेंजवर गेलात तर तिथेही करा. उजेड बदलला की काळा गोल आणि साइटची कड डोळ्याला वेगळी दिसते आणि पुंजका हलतो.

सात. लिहा.

हा सातवा मुद्दा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा. बाकीचे सहा चुकले तर तुमचे गुण जातील. सातवा चुकला तर पुढच्याचे जातील.

वही

यंत्र बिघडणं कुणाच्या हातात नसतं. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि तिची अंतिम फेरी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं मिळवून त्याची भरपाई केली. पण माझ्या गोष्टीतलं पिस्तूल बिघडलं नव्हतं. मी ते बदललं होतं आणि सांगितलं नव्हतं. लॅबमध्ये मल्टिमीटरची रेंज बदलून तसाच ठेवणारे, कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून उठून जाणारे, लेथचा टेलस्टॉक सरकवून घंटा झाली म्हणून पळणारे, आपण सगळे एकाच जातीचे.

आता आमच्या पिस्तुलाच्या पेटीला दोऱ्यानं एक शंभर पानी वही बांधलेली आहे. प्रत्येक नेमबाजाचं एक पान. साइट डावीकडे पूर्ण फिरवून तिथून किती क्लिक आणि खाली पूर्ण नेऊन तिथून किती क्लिक, असे दोन आकडे. ज्याच्या हातात पिस्तूल जाईल त्यानं आपल्या आकड्यांवर साइट आणायची आणि मगच पहिला छर्रा भरायचा. दोन मिनिटांचं काम.

वहीची कल्पना माझी नाही. त्या दिवशी साइट लावून झाल्यावर तिनंच बॅगेतून वही काढली, आकडे लिहिले आणि माझ्याकडे सरकवली. "दादा, तुमचे पण लिहा." मी लिहिले. आणि ज्युनिअरनं साइटला हात लावायचा नाही हा माझा नियमही त्याच दिवशी मोडीत काढला. आता पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला साइट फिरवायला, मोजायला आणि परत जागेवर आणायला शिकवतो. ज्याला साइट कळत नाही त्याला आपली चूक आणि यंत्राची चूक वेगळी करता येत नाही. तो बिचारा दुसऱ्याच्या चुकीपायी स्वतःचा हात बदलत बसतो.

पुढच्या वर्षी ती संघात आली, माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त मारून. मला आनंद झाला, आणि जरा बरंही वाटलं. पण फर्स्ट इयरची ती चाचणी तिला परत मिळाली नाही, हे खरं आहे. वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे चाचणीच्या दुसऱ्या दिवसाची, आणि तिच्या अक्षरात दोन शब्द : 'फिरवलंत? लिहा.'

रेंज रोज सकाळी साडेसहाला उघडते. ज्यांना यायचंय त्यांनी या. येताना वही आणायची गरज नाही, आहे आमच्याकडे. पेन मात्र आणा, ते दर आठवड्याला कुणीतरी ढापतं.